ओवाळणीत मागितलेली चावी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नावं ठेवायला नको. भाजीवाल्यानं दोन मिरच्या जास्त टाकल्या, तर मी त्या आधी उलट्यापालट्या करून बघते. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणायच्या, "ही पोरगी देवाच्या प्रसादाचासुद्धा वास घेऊन बघंल." नोकरीनं तो स्वभाव आणखी पक्का केला. एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर माझी निम्मी हयात गेली. लोक अर्ज आणायचे, मी शिक्का मारायची, अर्ज आत जायचा. आत गेलेला अर्ज पुढं काय करतो, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. पाऊस लागोपाठ दोन वर्षं तोंड फिरवून गेला होता आणि शहर मात्र फुगतच चाललं होतं. बीड बायपासला कालपर्यंत ज्वारी होती तिथं आज सहा मजले उभे, आणि वर पाटी : 'मुबलक पाणी'. ती पाटी वाचली की मला हसू यायचं. मेल्यांनो, जायकवाडीत गाळ दिसायला लागलाय आणि तुम्ही मुबलक कुठून आणणार?

आमच्याकडं नळ दर पाचव्या दिवशी यायचा, पुढं सातव्या दिवशी यायला लागला. पाण्याचा दिवस म्हणजे सणच. ऑफिसात "आज आमच्याकडं पाणी आहे" एवढं सांगितलं की साहेबसुद्धा मान हलवायचे, अर्धी रजा मंजूर. लोक साखरपुड्याची तारीख पंचांग बघून काढायचे आणि मग पाण्याच्या वारावरून बदलायचे. हे सगळ्या शहराचं. आमच्या गल्लीचं मात्र वेगळं होतं. आमच्या गल्लीत सात दिवसांत दोनदा पाणी यायचं.

ते एका माणसामुळं. आमच्यापासून चौथं घर. मूळचे करमाडकडचे, जमीन कंपन्यांसाठी गेली, मग वाळूजला फिटर म्हणून लागले आणि गुडघे गेल्यावर घरी बसले. मान भाजू नये म्हणून गळ्यात कायम लाल टॉवेल. तो टॉवेल पाठीवर उडायचा म्हणून गल्लीतली पोरं त्यांना सुपरहिरो म्हणायची, आणि त्यांना ते लई आवडायचं. आम्ही बाया त्यांना भाऊ म्हणायचो.

नुक्कडावर, पिंपळाच्या पारापाशी, रस्त्यात एक लोखंडी झाकण होतं. झाकणाखाली तीन वॉल्व्ह : एक आमच्या गल्लीचा, एक पुढच्या जुन्या वस्तीतल्या शेवटच्या गल्लीचा, एक नाल्यापलीकडच्या झोपड्यांचा. पाणी सोडणारा लाईनमन सायकलवर यायचा, ज्यांचा वार असेल त्यांचा वॉल्व्ह उघडायचा, बाकीचे दोन बंद. त्याच्या सायकलला एक चावी बांधलेली असायची, छातीएवढी लोखंडी सळई, वर आडवा दांडा. भाऊंनी तशीच चावी घरी बनवली होती. दुसऱ्यांच्या एका वाराला, लाईनमन गेला की तासाभरानं, भाऊ टॉवेल झटकत निघायचे, आमचा वॉल्व्ह थोडा उघडायचे आणि पारावर बसून तंबाखू मळायचे. भर दुपारी, सगळ्यांसमोर. घराघरातून बादल्यांचे आवाज सुरू व्हायचे.

"भाऊ, हे कुणाचं पाणी?" असं मी एकदा विचारलं होतं. ह्या गल्लीत राहायला आल्याआल्याच, पहिल्या उन्हाळ्यात.

"ताई, लई इचार करता तुमी," ते म्हणाले. "दोनच आटे फिरवतो. कुणाला कळत बी नाय."

मी टाकी भरून घेतली. संशय आला म्हणून कुणी बादली उलटी करतं का?

राखी पौर्णिमेला गल्लीतली एकूण एक बाई भाऊंकडं ताट घेऊन जायची. ही आमच्या गल्लीची रीतच पडली होती. हात मनगटापासून कोपरापर्यंत राख्यांनी भरून जायचा आणि तो लाल टॉवेलवाला माणूस दाराच्या चौकटीत खुर्ची टाकून नवरदेवासारखा बसायचा. मीही बांधली, नाय म्हणत नाही. आणि तिथंच आमची चूक झाली, असं मला आता वाटतं. लाईनमनला जाब विचारता येतो, नगरसेवकाच्या दारात रिकामे हंडे आपटता येतात. पण ज्याला राखी बांधली त्याला कोण विचारणार, बाबा रे, तू करतोस ते कुणाला विचारून करतोस?

हे विचारायची वेळ आणली माझ्या लेकीनं. ती तेव्हा सातवीत होती, वर्गाची मॉनिटर. बाई वर्गात नसल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम तिचं. त्या कामाचं तिला भारी वेड. फ्रॉकच्या खिशात कायम खडूचा तुकडा, आणि धुताना तो विरघळला की माझ्या नावानं शंख. जिवलग मैत्रिणीचं नाव लिहून तिनं आठवडाभराचा अबोला ओढवून घेतला होता. एकदा तर स्वतः बोलली म्हणून स्वतःचंच नाव लिहिलं आणि छडी खाऊन आली. तिचे वडील म्हणाले, "ही तुझ्यावर गेली नाही. तू दुसऱ्यांचीच नावं लिहितेस."

शाळेत वादविवाद स्पर्धा होती. विषय कुणा उत्साही सरांनी काढला होता : सुपरहिरोंवर सरकारचं लक्ष असावं का? चिठ्ठीत हिला 'असावं' ही बाजू आली. रडत घरी आली. सगळ्या पोरांना दुसरी बाजू हवी होती. सुपरहिरो भिंत फोडून माणसं काढणार, आणि ही म्हणणार, थांबा, आधी अर्ज करा?

मी भांडी घासता घासता तिला मुद्दे सांगायला बसले. मी म्हटलं, "लिही, ज्याच्या अंगात दहा माणसांची ताकद, त्याची चूकही दहा माणसांएवढी." तिनं लिहिलं. "लिही, तो चांगला आहे हे कोण सांगतं? ज्यांना त्यानं वाचवलं ते. ज्यांच्या अंगावर भिंत पडली ते सांगायला उरतच नाहीत." तेही लिहिलं. मग पेन्सिल चावत म्हणाली, "पण आई, सरकार लक्ष ठेवणार म्हणजे कोण? तू?"

खरंच, कोण? एक टेबल, एक शिक्का, आणि आत एक साहेब. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते उगाच नाही. मी म्हटलं, "तुला 'असावं' ही बाजू आलीय ना? मग तेवढंच बोल."

ती म्हणाली, "आणि आपल्या भाऊमामांवर कोण लक्ष ठेवतं?"

"घास ती वाटी," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात आई पडली.

माझी आई जुन्या वस्तीतल्या त्या शेवटच्या गल्लीत एकटी राहायची. वडील लासूर स्टेशनला अडतीवर मुनीम होते, तिथून येऊन त्यांनी हे दोन खोल्यांचं घर बांधलं आणि दोन वर्षांत गेले. घर आईचं फार लाडकं. दादा पुण्याला. तो दर फोनला म्हणायचा, "तिला इकडं पाठव, हट्ट पुरे झाला." आई म्हणायची, "बाई, तुमच्या त्या नवव्या मजल्यावर मी कोणाशी बोलू? कबुतरांशी?" तिला तिच्या ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला टोकायचं असायचं, एवढंच तिचं सुख. ते हिरावलं गेलं असतं तर ती वर्षभर टिकली नसती, हे मला ठाऊक होतं.

धरण आटत गेलं तशी तीन वारांपासून तिच्या नळाला धार नव्हती. करंगळीएवढं पाणी यायचं आणि वेळ संपायची. म्हणून ती शेजाऱ्यांच्या बोअरवरून कळशी आणत होती, आणि पायरीवर घसरली. हाड मोडलं नाही, पण खुब्याला असा मार लागला की दहा दिवस कूस बदलताना ओरडायची. दादानं फोनवर निकालच दिला : "आता एकदा जरी तिला पाणी भरायला बाहेर जावं लागलं, तर मी गाडी घेऊन येतो. घर विकून टाकू."

मी आईच्या उशाशी बसले होते. ती म्हणाली, "नळ नुसता सुस्कारे टाकतोय गं. आमच्या वाराला पाणी कुठं जातंय, देव जाणे."

देवाला कशाला त्रास? मला माहीत होतं ना. तिच्या वाराला, लाईनमन गेल्यावर तासाभरानं, आमच्या गल्लीत बादल्या वाजायच्या. माझ्या घरातली बादली सगळ्यात मोठी होती. तिचंच पाणी मी चार वर्षं पीत होते, त्यात तिच्या नातीला न्हाऊ घालत होते. मला तिथं बसवेना. लाज वाटली, आणि लाजेचा लगेच राग झाला. माझं असंच होतं.

तडक भाऊंकडं गेले. पारावर बसले होते. सगळं सांगितलं, आवाज चढवूनच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अगं माय! ताई, आधी नाय का सांगायचं? तुमची आई ती माजी आई. उद्यापासून बघा."

आणि खरंच, पुढच्या वाराला आईकडं धो धो पाणी आलं. आईनं फोन केला, आनंदानं रडत होती. म्हणाली, "कोण तो देवमाणूस? माझ्याकडून एक राखी बांध त्याला." दादा गप्प झाला. मीही सुटकेचा श्वास टाकला, आणि दोन दिवसांनी ऑफिसला जाताना बघितलं तर शाळेच्या हापशावर नाल्यापलीकडच्या बायांची ही रांग. एरवी त्या तिथं दिसायच्या नाहीत. त्यांच्यात आमच्या गल्लीत धुणंभांडी करणारी मावशी होती. मी विचारलं, तर म्हणाली, "काय की भाभी, कल हमारा नंबर था, मगर नल में हवाच हवा."

आमच्या गल्लीचं पाणी काही कमी झालं नव्हतं. भाऊंनी फक्त घेण्याचं घर बदललं होतं. आता ते नाल्यापलीकडच्यांच्या वाराला आमचा वॉल्व्ह उघडत होते. माझी आई त्यांची आई झाली, आणि मावशीची आई कुणाचीच कुणी नव्हती.

मी अर्ज लिहिला. झाकणाला कुलूप लावावं, चावी फक्त लाईनमनकडं असावी, आणि वारांचा तक्ता झाकणाजवळ भिंतीवर लावावा. पाण्याच्या ऑफिसात गेले. टेबलावर माझ्यासारखीच एक बाई. तिनं वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"तुमच्याकडं पाणी येतं?"

"येतं."

"दोनदा येतं, असं तुम्हीच लिहिलंय."

"हो."

"मग तक्रार कशाची?"

मी म्हटलं, तक्रार त्याचीच आहे. तिनं शेजारच्या बाईला कोपरानं ढोसलं आणि दोघी हसल्या. "ताई, पाणी येत नाही म्हणून रोज शंभर माणसं येतात. पाणी येतं म्हणून पहिल्यांदाच कुणी आलं." शिक्का मारला मात्र. त्या शिक्क्याचा आवाज मी चांगला ओळखते. अर्ज आत गेला तो गेलाच.

स्पर्धेला मी मागच्या बाकावर बसले होते. लेक बोलली बरी, मधे एकदा अडखळली. शेवटी परीक्षकांनी तिला विचारलं, "समजा, त्या सुपरहिरोनं तुझ्याच आजीला वाचवलं, तरी तू त्याला जाब विचारशील?" हॉलमध्ये हशा पिकला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी नजर पर्सकडं वळवली. ती म्हणाली, "आजीला वाचवलं तर आधी थँक्यू म्हणेन. आणि मग विचारेन, आजीला वाचवताना कुणाला सोडलं?" तिला उत्तेजनार्थ मिळालं. पहिलं बक्षीस भिंत फोडणाऱ्या पोराला गेलं.

राखी पौर्णिमा आली. श्रावण नुसता नावाला, आभाळ तव्यासारखं कोरडं. भाऊंच्या दारात बायांची गर्दी, हात राख्यांनी भरत आलेला. ते दरवर्षी प्रत्येकीला ब्लाउजपीस द्यायचे. मी ओवाळलं, राखी बांधली, पेढा भरवला, आणि ते गठ्ठ्यातलं कापड उचलायला लागले तशी मी म्हणाले, "भाऊ, मला ब्लाउजपीस नको. ओवाळणीत मी मागीन ते द्याल?"

"मागा की ताई. बहिणीला नाय म्हनंल तो भाऊ कसला?"

"चावी द्या."

भाऊंचा चेहरा असा पडला की मला क्षणभर वाईट वाटलं. मागून एक म्हणाली, "हिला सुख दुखतंय." दुसरी म्हणाली, "आपल्या आईची भरली, आता लोकांच्या टाकीवर डोळा." भाऊंनी उचललेलं कापड परत गठ्ठ्यात ठेवलं. मग हळूच म्हणाले, "ताई, मी वाईट हाय का वो? कंपनीनं घरी बसवलं, जमीन तर आधीच गेली. ह्या एका कामानं मानसं मला इचारत्यात."

मी म्हटलं, "नाही भाऊ, वाईट नाही. पण तुम्हाला कुणी विचारत नाही. सगळे मागतात." ते उठले, आत गेले आणि चावी आणून माझ्या हातात दिली. दिलेला शब्द त्या माणसानं मोडला नाही, हे मी आजही सांगते. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बाया माझ्याशी बोलेनाशा झाल्या.

चावी मी माळ्यावर, पाटावरवंट्याच्या मागं ठेवली. खरं तर भंगारात द्यायला हवी होती. नवरा म्हणालासुद्धा, "देऊन टाक." मी म्हटलं, "देते, घाई काय?" का नाही दिली, त्याचं उत्तर पुढं आहे.

दोन आठवडे सगळं सुरळीत. ज्याचा वार त्याला पाणी. मावशी म्हणाली, "भाभी, इस बार बराबर आया." मला जरा गर्वच झाला. मग आईच्या वाराला धरणाकडची लाईट गेली, पंप बंद पडले आणि तिचा वार तसाच बुडाला. पुढचा वार नाल्यापलीकडचा. दुपारी आईचा फोन. आवाज अगदी बारीक.

"बाई, पिंपात तांब्याभर उरलंय. दादाला सांगू नको. मी हळूहळू जाते बोअरवर."

"अजिबात उठू नकोस!" मी ओरडले. माझ्या घरातला ड्रम बघितला, तळाला पोचलेला. टँकरवाल्याला फोन केला, तो म्हणाला, परवा. आईला मी ओळखत होते, ती अर्ध्या तासात कळशी घेऊन पायरीवर असणार होती. आणि एकदा ती पडली की दादाची गाडी, घराला गिऱ्हाईक आणि नववा मजला.

स्टूल घेतलं, चावी खाली काढली. पदर खोचला आणि भर उन्हात नुक्कडावर गेले. लाईनमन केव्हाच गेलेला. भाऊ पारावर बसले होते, रिकाम्या हातानं. त्यांनी मला बघितलं, चावी बघितली, आणि उठून घरी निघून गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

झाकण सरकवलं, चावी आईच्या वॉल्व्हवर बसवली आणि जोर लावला. फिरला. आत पाण्यानं वळण घेतल्याचा आवाज आला, आणि खोटं कशाला बोलू, तो आवाज ऐकून मला फार बरं वाटलं. इतकं, की भाऊंना चार वर्षं काय वाटत असेल ते तेव्हा कळलं.

मागं वळून बघितलं तर लेक उभी. शाळा सुटली होती. दप्तर पाठीवर, दोन वेण्या.

"आजीसाठी?" तिनं विचारलं.

"दोनच आटे," मी म्हणाले.

हे वाक्य तोंडातून गेलं आणि माझं मलाच ऐकू आलं. तिनं काही वाद घातला नाही. खाली बसली, खिशातून खडू काढला आणि झाकणाशेजारच्या डांबरावर, वर्गात लिहिते तशा ठळक अक्षरात लिहिलं :

वॉल्व्ह फिरवला — माझ्या आईनं.
कुणाला विचारून — कुणालाच नाही.
पाणी कुणाचं — नाल्यापलीकडचं.

मग हात झटकून उठली आणि म्हणाली, "मी आजीकडं जाते. ती उठायच्या आत." आणि पळत सुटली.

मी पदर हातात घेतला, पुसायला. नाही पुसलं. तेवढ्यात नाल्याकडच्या रस्त्यानं मावशी येताना दिसली, दोन्ही हातात रिकाम्या बादल्या, नळ का थांबला ते बघायला. मी चावी पाठीमागं धरली आणि दोन पावलं सरकून त्या अक्षरांवर उभी राहिले.